'एनपीएम ऑडिट'च्या आकड्यावर किती विसंबायचं?

ऑडिट चालवायचं, आलेला आकडा तक्त्यात टाकायचा, प्रकल्प 'असुरक्षित' ठरवायचा. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही हेच केलं. गाइडनी एकच विचारलं, "यातला कोणता कोड ब्राउझरपर्यंत पोचतो?" बरेचसे इशारे फक्त बिल्ड करताना लागणाऱ्या पॅकेजेसचे निघाले! ऑडिट आवृत्त्या ज्ञात त्रुटींच्या यादीशी ताडतं. सदोष फंक्शन तुम्ही वापरता का, हे बघत नाही.

उलटी बाजू जास्त गंभीर. 'इव्हेंट-स्ट्रीम'ची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी माणसाकडे सोपवली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून 'कोपे' वॉलेटमधले बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड घुसला. बोभाटा झाला नोव्हेंबरमध्ये. तोवर यादीत नोंदच नाही, मग ऑडिट काय दाखवणार? माझ्या तक्त्यात तो प्रकल्प 'सुरक्षित'च ठरला असता.