आज्ञापत्र आणि राज्याची पालट-क्षमता

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (सुमारें 1715) हा मराठी राजनीतीवरील अपूर्व ग्रंथ होय, याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्यास वंदन करून तेथेंच थांबणाऱ्या अभ्यासकांशीं आमचा मतभेद आहे. राज्याला नवी रीत पचवितां यावी अशी व्यवस्था ग्रंथ सांगतो काय, हा खरा प्रश्न आहे.

दुर्गप्रकरणापुरतें उत्तर होकारार्थी येतें. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखाननीस यांचे अधिकार विभागलेले आहेत, आणि ठराविक वर्षांनीं त्यांच्या बदल्या व्हाव्या असा दंडक आहे. अधिकारपद अनेकमुखी व अनित्य असावें, हें कौटिल्याचें मत येथें प्रत्यक्ष कारभारांत उतरलेलें दिसतें. अशा गडावर धन्याच्या नव्या हुकुमास कोणाचें पिढीजाद हित आड येत नाहीं.

वृत्तिप्रकरणांत मात्र लेखणी अडखळते. वतनदार म्हणजे राज्याचे दायादच, हें अमात्य निर्भयपणें सांगतात. नवी वृत्ति देऊं नये म्हणतात, आणि दिलेली हिरावून घेणें हेंही पाप मानितात. निदान अचूक आहे. उपाय मात्र पथ्यापलीकडे जात नाहीं. याचें कारण काळांत आहे. राजारामाच्या कारकीर्दींत (1689–1700) मोगलांशीं झुंजण्यासाठीं सरंजाम वांटावे लागले, व त्या वेळीं महाराष्ट्रांतील कारभाराची धुरा स्वतः अमात्यांकडे होती. पुढें बावड्याची जहागीर त्यांच्याच वंशांत चालली. हें आम्ही दूषण म्हणून सांगत नाहीं. राज्य त्याच उपायानें तगलें. पण सेवेपुरते दिलेले सरंजाम शाहूच्या काळीं वंशपरंपरेचे होत गेले, आणि पथ्यही सुटलें.

त्याचें फळ पुढें दिसतें. 1784 त महादजी शिंद्यांनीं डी बॉइन यास चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभारल्या. 1790 त पाटण व मेडता येथें त्यांनीं जय मिळविला. मराठ्यांस नवी विद्या रुचली नाहीं, हा आक्षेप येथेंच निकालांत निघतो. परंतु ती विद्या एका सरदाराची राहिली, राज्याची झाली नाहीं. होळकरांनीं आपल्या पलटणी निराळ्या उभारल्या, आणि 1793 त लाखेरीस दोघांच्या कवायती फौजा एकमेकींवरच चालून गेल्या. 1803 त अनेक परकी अंमलदार शिंद्यांस सोडून गेले, तेव्हां त्यांची जागा भरून काढणारी कांहीं व्यवस्था उभी नव्हती. असईच्या रणांत गोलंदाज तोफांपाशीं झुंजत पडले. शौर्य उणें नव्हतें.

म्हणून आज्ञापत्राचीं हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून वाचावीं, असें आम्ही सुचवितों. गडाच्या कारभारास लावलेला नियम सरदारांच्या पदांसही लागू करण्याचें धैर्य ग्रंथास झालें नाहीं; राज्याचें दौर्बल्य तेथें शोधावें, शिपायांच्या बुद्धींत नव्हे.