झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाट्यमंडळांच्या कार्यालयांसमोर फ्लेक्स चढतात, ते होळीपर्यंत. गावोगावचे आयोजक इथेच येऊन प्रयोग ठरवतात. झाडीपट्टी रंगभूमीचा फलक पारखायचा तर तो वडशातच. अलीकडच्या हंगामांतले बहुतेक फलक मात्र एकाच साच्यातले आहेत. मध्ये नायक-नायिका, भोवती चेहऱ्यांची दाटी, खाली सोनेरी कडांची फुगीर अक्षरे, मागे आगीचे लोळ. नाटक भावाभावांतल्या वाटणीचे असो की दारूने मोडलेल्या संसाराचे, आग ठरलेलीच.

मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिराती म्हणजे हेच फलक लहान करून पाठवलेले. चित्रपटाच्या पोस्टरांची उघड नक्कल करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाही नको.

बोलावे असे काम याच नाटकांत रंगमंचामागे लागणाऱ्या रंगवलेल्या पडद्यांचे आहे. जंगल, राजवाडा, गावचा रस्ता, माजघर. पडदा रंगवणाऱ्या पेंटरला ठाऊक असते की मागच्या रांगेतला प्रेक्षक हे सारे दुरून आणि रात्रभर पाहणार आहे. म्हणून तो झाडाचे पान न् पान काढत बसत नाही. एक गडद कड, तिच्या आत सावलीची एक छटा, वर उजेडाचा एक फटकारा, की झाड उभे राहते. वाट पुढे ऐसपैस रुंद असते आणि दोन हातांच्या आत निमुळती होऊन जंगलात शिरते. हाच हात नाटकाचे नाव लिहितो तेव्हा शिरोरेषा जाड होते, वेलांटी लांब ताणली जाते आणि नाव रस्त्यापलीकडून वाचता येते. संगणकातल्या तयार अक्षरांना हे अंतराचे भान नाही.

नवरगावचे सदानंद बोरकर हे नाटककार आणि चित्रकारही. त्यांच्या ‘माझं कुंकू मीच पुसलं’ या नाटकाच्या नावातच एक कृती आहे. कपाळ, हात आणि पसरलेला लाल रंग एवढ्यावर फलक पूर्ण होतो. त्यात बारा चेहरे घातले की ती कृतीच दिसेनाशी होते.

यावर ठरलेले उत्तर असे, की तिकीट नटांच्या नावावर खपते, म्हणून फोटो हवेत. नावावर खपते हे खरे, आणि म्हणूनच नाव ठळक लिहिले की पुरे. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळण्याच्या कितीतरी आधीपासून झाडीपट्टी त्यांना ओळखत होती. ती ओळख रंगमंचावरची होती. सारख्या आकाराचे फोटो लावल्याने नटांमधले मानापमान टळत असतील, पण तो मंडळाचा अंतर्गत व्यवहार झाला. त्याची किंमत फलकाने का मोजावी?

चेहऱ्यांविना ओळख कशी द्यायची, हा प्रश्न परदेशी मेटल संगीतात केव्हाच सुटला आहे. आयर्न मेडन या बँडच्या 1980 च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर वादकांचे चेहरे नाहीत. चित्रकार डेरेक रिग्जने रंगवलेला एडी हा भुताळी चेहरा आहे, आणि पुढे त्या एका चित्रावरून जगभर बँड ओळखला गेला. वडशातल्या एकाही मंडळाला असा स्वतःचा हात, स्वतःचे अक्षर असू नये? पडदे रंगवणारे पेंटर याच भागात आहेत. मंडळांनी फलकाचे मूळ चित्र त्यांच्याकडून कागदावर करून घ्यावे, मग ते खुशाल फ्लेक्सवर छापावे. आणि लेखक, दिग्दर्शक, संगीत यांच्या ओळीत त्या पेंटरचेही नाव घालावे.