'अर्थपूर्ण' या शब्दाचे मोल

शब्दांची पारख हे समीक्षेचे काम. मग तो शब्द कवितेतला असो वा कंपनीच्या निवेदनातला. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे आप्तस्नेह्यांचा मजकूर अग्रक्रमाने दिसेल आणि 'अर्थपूर्ण' संवाद वाढेल. शब्द मोठा देखणा! परंतु यंत्राला अर्थ कळत नाही, मोजणी तेवढी कळते. म्हणून कृतींना गुण ठरले. साध्या पसंतीला १, तर रागाच्या चिन्हाला २०१७ पासूनच ५. सविस्तर प्रतिसादाला त्याहून कितीतरी अधिक. (भांडणारा माणूस सविस्तरच बोलतो, हे कोणीही सांगेल.)

कंपनीतील माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. या बदलाने कटुतेलाच बळ मिळते, असे कंपनीचेच संशोधक सांगत होते. आपल्याला नाइलाजाने टीकेचाच सूर लावावा लागतो, अशी कैफियत युरोपातील राजकीय पक्षांनीही मांडली होती. कंपनीचे उत्पन्न जवळजवळ सर्वस्वी जाहिरातींवर अवलंबून; वाचक खिळून राहिला तर जाहिरात खपते. तेव्हा सुधारणेला विलंब झाला, याचे आम्हांस नवल वाटत नाही. आम्हांस खटकते ते निराळेच. रागाचे गुण टप्प्याटप्प्याने उतरवीत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. तेव्हा खोटा व क्लेशकारक मजकूर घटल्याचे कंपनीलाच आढळले. लोकांचा वावर मात्र होता तेवढाच राहिला.