पाखराच्या पायाला बांधलेली चिठ्ठी

सलीम अलींची चिमणीची गोष्ट बहुतेक शिक्षकांनी वर्गात कधी ना कधी सांगितलेली असते. छोट्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मुलाचे मन हेलावले आणि पुढे तो मोठा पक्षिमित्र झाला. गोष्ट गोड आहे. अडचण एवढीच, की सलीम अलींनी ती अशी सांगितलेली नाही.

त्यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९८५ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. त्यातला मुलगा हळहळत नाही. ही नेहमीची चिमणी दिसत नाही, मग ही कोणती आणि ती खाल्लेली चालेल का, असे त्याचे सरळ प्रश्न आहेत. मामा अमिरुद्दीन तय्यबजी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवतात. साहेब पक्षी ओळखतात आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवतात. मुलगा भारावतो तो त्या खणांपुढे. विज्ञानाची सुरुवात येथे कळवळ्यातून नव्हे, तर ‘हे वेगळे का?’ या प्रश्नातून झाली. आपण गोष्टीत पश्चात्ताप घालतो आणि नेमका प्रश्नच गाळून टाकतो.

पुस्तक वाचताना हा भेद शेवटपर्यंत जाणवत राहतो. आपले पक्षिप्रेम भाबडे नाही, अभ्यासासाठी नमुने गोळा करणे आवश्यक आहे, हे सलीम अली आडपडदा न ठेवता सांगतात. शिकारीची आवडही लपवत नाहीत. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकावेही. पण दुर्बिणी आणि कॅमेरे आजच्यासारखे नव्हते, तेव्हा एखाद्या जातीचे आढळक्षेत्र ठरवण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे हातातला नमुना हाच होता. म्हणून हे पुस्तक संताचे चरित्र म्हणून न वाचता एका कामकऱ्याची जबानी म्हणून वाचावे, असे मला वाटते.

तसे वाचले, तर ते फार बोलके आहे. सलीम अलींजवळ विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती. तरुणपणी ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात काही वर्षे गेली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. मग बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते परतले, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. बिऱ्हाड अलिबागजवळच्या किहीमला हलले. तेथे त्या पावसाळ्यात सुगरणीची वसाहत पाहत ते बसून राहिले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ताबा घेते. नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे विणायला घेतो. बेकारीतल्या या निरीक्षणांनी त्यांना नाव मिळवून दिले. साधनांची उणीव सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. मात्र बेकारी चांगली असते, असा अर्थ त्यातून काढू नये!

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे झाली. संस्थानाने मोहिमेचा खर्च द्यावा, मी वेतन घेणार नाही, असा त्यांचा प्रस्ताव असे. पत्नी तेहमिना बरोबर असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्याविषयी सलीम अली मोजकेच लिहितात, पण ते वाचून आपण थांबतो. मोटारसायकलींचे त्यांचे वेडही येथे भेटते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम जहाजावर चढवून बरोबर नेली होती.

पुस्तकातली मोठी उणीव मला वाटते ती अशी. त्यात प्रवास पुष्कळ आहेत, पण प्रवासातून ज्ञान कसे होते, हे फारसे नाही. दिवसभर पायपीट, संध्याकाळी कातडी सोलणे, मग कंदिलाच्या उजेडात चिठ्ठ्या लिहिणे. जागा, तारीख, नर की मादी, गोळा करणाऱ्याचे नाव. अशा हजारो चिठ्ठ्या जोडल्या तेव्हा रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात उभा राहिला. चिठ्ठीचे महत्त्व किती, ते एका उदाहरणावरून पाहू. महाधनेश पश्चिम घाटात आहे आणि हिमालयातही आहे, मधल्या मुलुखात नाही. असे का? एकेकाळी सातपुड्याच्या रांगेने हे प्राणी आले असावेत, असे गृहीतक माशांवरून सुंदरलाल होरा यांनी मांडले आणि सलीम अलींनी त्याला पक्ष्यांचा पुरावा जोडून पाहिला. आज जनुकीय अभ्यासांनंतर ते सर्व जातींना जसेच्या तसे लागू पडत नाही. पण त्याचा सारा पाया ‘येथे आहे, तेथे नाही’ या नोंदींवर होता. मधल्या जागेची एक खोटी चिठ्ठी अशा युक्तिवादात किती घोटाळा करील, याची कल्पना करावी.

ही केवळ कल्पना नाही. १९३७ साली सलीम अली अफगाणिस्तानात कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्याबरोबर गेले होते. या विक्षिप्त गोऱ्या पक्षितज्ज्ञाचे चित्र पुस्तकात मोठ्या खेळकरपणे रेखाटले आहे. त्याच्या रोजनिशीत आपल्याविषयी जे बोचरे लिहिले होते, तेही सलीम अलींनी छापून टाकले आहे. हा मोकळेपणा दुर्मिळ म्हणावा लागेल. पण सलीम अली १९८७ साली गेले, आणि त्यानंतर १९९३ पासून एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. माइनर्ट्‌झहागेन संग्रहालयांतून इतरांचे नमुने चोरत असे आणि त्यांवर स्वतःच्या नावाच्या, खोट्या जागांच्या चिठ्ठ्या बांधत असे.

रानपिंगळा हे घुबड त्यातलेच. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाला मिळालेला नव्हता. माइनर्ट्‌झहागेनने मात्र १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी लावून एक नमुना ठेवला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्याची तपासणी केली. क्ष-किरण चित्रे काढली, कातडे भरण्याची पद्धत पाहिली, आणि तो खानदेशातील इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला जुना नमुना असल्याचे सिद्ध झाले. मग खोटी जागा वगळून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध घेतला गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला, तब्बल ११३ वर्षांनी! पुढे तो मेळघाटात आणि २०१४ साली तानसा अभयारण्यातही आढळला. एका चिठ्ठीने दिशाभूल केली. सव्वाशे वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेल्या दुसऱ्या चिठ्ठ्यांनी वाट दाखवली.

मित्राचे खरे रूप सलीम अलींना कळले नाही, याचा दोष त्यांना द्यावा काय? मला वाटते, देऊ नये. क्षेत्रीय विज्ञान विश्वासावर चालते. प्रत्येक नोंद पुन्हा जाऊन तपासता येत नाही. पण म्हणूनच आजच्या वाचकाने ते प्रकरण ही माहिती जवळ ठेवून वाचले पाहिजे. नवी आवृत्ती निघेल तेव्हा त्यात तशी एक टीप असावी.

एक कबुली देतो. विद्यार्थिदशेत एका पावसाळी मुक्कामात मी दिवसभराच्या नोंदी दुसऱ्या दिवशी आठवणीने लिहिल्या. त्यातले एक बेडूक ओढ्याच्या अलीकडे सापडले की पलीकडे, हे मला आठवेना. मी ‘अलीकडे’ लिहून टाकले. कोणाला कळले नाही. ती नोंद मी पुढे स्वतःच खोडली, पण दोन वर्षांनी. माझा हेतू चोरीचा नव्हता, हे खरे. बेडकाच्या नकाशाला मात्र त्याने काहीच फरक पडत नव्हता.

हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे आणि अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती जावे. त्याबरोबर एक छोटा उपक्रमही करता येईल. महिनाभर शाळेच्या आवारातील पक्ष्यांची नोंद ठेवा. जागा, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव. जे दिसले ते लिहायचे, ओळखता आले नाही तर ‘ओळखता आले नाही’ असेच लिहायचे. त्या शेवटच्या वाक्याला पूर्ण गुण द्यावेत.