श्याम, त्याची आई आणि आपले डोळे

लहानपणी आवडलेल्या पुस्तकाविषयी माणूस फार हट्टी असतो. आपल्या अंगणात शेजाऱ्याने चार फरशा बसविल्या तर तो एक वेळ सोसील. पण आपल्या बाळपणीच्या गोष्टीला कुणी हात लावला की त्याचा जीव खालीवर होऊ लागतो. मीही त्यांतलाच. म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा मी तिकीट काढले ते शाळा तपासायला निघालेल्या साहेबाच्या थाटात. बरोबर पाचवीत शिकणारा मुलगा होता आणि सत्तरी ओलांडलेली आई होती.

खेळ सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील नसतील, तोच मुलगा माझ्या कानाशी लागला. “बाबा, रंग कधी येणार?”

रंग येणार नव्हता. दिग्दर्शक सुजय डहाके यांनी हा चित्रपट सबंध कृष्णधवल केलेला आहे. मी दबक्या आवाजात म्हणालो, “जुन्या काळची गोष्ट आहे ना, म्हणून.”

“म्हणजे तेव्हा झाडे हिरवी नव्हती?”

मला उत्तर सुचेना. पलीकडून आई म्हणाली, “गप्प बस रे, बघू दे.” पाहतो तो ती पदराने डोळे पुसत होती. पडद्यावर अद्याप रडण्यासारखे काहीच घडलेले नव्हते!

त्या तीन खुर्च्यांत बसून आम्ही तिघांनी तीन निरनिराळे चित्रपट पाहिले असे आता मला वाटते. ते का, याचा उलगडा करावा म्हणून हा लेख.

माझ्या आईचा चित्रपट १९५३ सालचा. साने गुरुजींना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे पुस्तक पडद्यावर आणले. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, चाली वसंत देसायांनी बांधल्या. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच खेपेला, १९५४ मध्ये, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातले शाळेच्या छडीचे गाणे पुढे स्नेहसंमेलनांतून इतक्या वेळा नाचले गेले की ते मूळ पुस्तकातलेच असावे अशी कित्येकांची समजूत झाली. आईने हा चित्रपट लहानपणी जत्रेतल्या तंबूत, आपल्या आईच्या मांडीवर बसून पाहिला. मी तो दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या ओसरीवर, माझ्या आईला टेकून पाहिला. आता खरे सांगतो: त्या दिवशी पडद्यावर काय दिसले यापेक्षा आईच्या पातळाचा स्पर्श आणि तिचे हुंदके हेच मला अधिक आठवतात. ‘जुन्या चित्रपटाची सर नव्याला नाही’ असे जेव्हा मी ठणकावून सांगतो, तेव्हा मी अत्र्यांची बाजू घेत असतो की त्या ओसरीची? टीकाकाराने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा आणि मगच लेखणी उचलावी.

तेव्हा ओसरी क्षणभर बाजूला ठेवू आणि पुस्तकाकडे जाऊ. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्याची प्रकरणे म्हणजे ‘रात्री’ आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक वाचायचे खरे, पण त्याची घडण ऐकण्याची आहे. आणि श्याम सांगतो काय? सबंध महाराष्ट्राची समजूत अशी, की तो आईचा थोरपणा सांगतो. सांगतो हे खरेच. पण त्याआधी तो स्वतःचा खोटेपणा, भित्रेपणा आणि हावरेपणा सांगतो. इतरांच्या आधी फुले मिळावीत म्हणून तो मुक्या कळ्या तोडतो. पोहायला जायचे नाही म्हणून तो माळ्यावर दडून बसतो. मग आई त्याला खाली काढते आणि शिंपटीने मारीत विहिरीकडे पिटाळते, कारण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. कित्येक रात्रींत आधी श्यामची चूक, मग आईचा शब्द, आणि शेवटी मोठ्या श्यामची शरम. हा एका अपराधी मुलाचा कबुलीजबाब आहे. वर्गात मी हे पुस्तक वाचून दाखवितो तेव्हा मुले टवकारतात ती याच जागांवर. श्यामही माळ्यावर लपतो, हे कळले की मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा पुढे सरकतो.

आपल्या आठवणीने मात्र एक मोठी लबाडी केली. तिने अश्रू ठेवून घेतले आणि कबुली टाकून दिली. अत्र्यांच्या चित्रपटाचा यात थोडा वाटा आहे. वनमालाबाईंच्या मुखावरच्या त्या सात्त्विक तेजाने पडदा असा व्यापला की श्याम तिच्या पदराआड गेला आणि आई देव्हाऱ्यात जाऊन बसली. पुस्तकातली आई मारते, रागावते, कर्जाने गांजते, भाजीत मीठ घालायला विसरते. ती हाडामासाची आहे. देव्हाऱ्यातल्या आईला हात जोडता येतात, पण तिच्यापासून माळ्यावर लपता येत नाही! अर्थात अत्र्यांना दोष देताना एक गोष्ट विसरू नये. त्यांच्यासमोरचा प्रेक्षक नुकताच गुरुजींना मुकलेला होता. त्याला रडायचे होते, आणि अत्र्यांनी त्याला मोकळेपणी रडू दिले.

या कसोटीवर डहाके यांचा चित्रपट पाहिला तर त्याची अर्धी बाजू भक्कम आहे. आठवण सांगणारा मोठा माणूस त्यांनी पडद्यावर आणला. ओम भूतकरांचे साने गुरुजी तिथे आहेत, आणि त्यांच्यामुळे ही गोष्ट पुन्हा ‘सांगितली’ जाते. हे पुस्तकाशी इमान आहे. डहाके यांना शाळकरी वय कळते हे त्यांनी मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरून केलेल्या चित्रपटात दाखविलेच होते. पुढे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांच्या ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, त्याचा मला आनंदच आहे.

पण तो रंग! १९५३ साली कृष्णधवल चित्र ही नेहमीची रीत होती. २०२३ साली ती निवड आहे. दापोलीजवळचे पालगड म्हणजे हिरवा काळोख, तांबडी माती आणि निळे पाणी. श्यामने ते राखाडी पाहिले नव्हते. ते राखाडी पाहिले आपण, अत्र्यांच्या पडद्यावर. म्हणजे राखाडी रंग दाखविला की प्रेक्षकाला श्यामचे बाळपण आठवत नाही, स्वतःचे आठवते. छायाचित्रण देखणे आहे. पण माझ्या आईचे डोळे पाचव्या मिनिटाला भरले ते याच रंगाने, आणि माझा मुलगा बाहेर राहिला तोही याच रंगाने.

उलट टोकाची चूक ‘फास्टर फेणे’ने केली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे हा शाळकरी पोर. १९८७ च्या सुमारास सुमीत राघवनने त्याला दूरदर्शनवर हिंदी बोलायला लावले, तेव्हाही तो पोरच होता. २०१७ च्या चित्रपटात आदित्य सरपोतदारांनी त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला. अमेय वाघ चलाख आहेत, गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर अंगावर येतो, आणि खुद्द भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, ही कल्पना गोड आहे. पण ज्यांनी पुस्तके वाचली होती त्यांच्याबरोबर फेणेही वाढला. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सायकल काही आली नाही. एकाने गोष्ट जुनी केली, दुसऱ्याने पोर मोठे केले. दोन्हीकडे मान राखला गेला तो चाळिशीतल्या प्रेक्षकाचा, म्हणजे माझा. तिकीट मीच काढतो, हे त्याचे कारण असावे.

वाचकहो, आपण आठवणी काढू नयेत असे माझे म्हणणे नाही. दिवाळी तर त्यासाठीच असते. पण बालवाङ्मयाचे खरे मालक दर पिढीला बदलतात. चित्रपट करणाऱ्याने परवानगी मागायची ती नव्या मालकाकडे.

त्या रात्री घरी आल्यावर मुलाने विचारले, “बाबा, पुस्तकात रंग आहे?” मी कपाटातून पुस्तक काढून दिले. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन तो मोठ्याने वाचू लागला. श्याम माळ्यावर लपला तिथे आई एकदम म्हणाली, “अगं बाई! हा असा होता?”

तेव्हा मला कळले की माझ्या आईने हे पुस्तक कधीच वाचलेले नव्हते. ज्याच्यासाठी ती जन्मभर रडली, तो श्याम तिला आज प्रथम भेटत होता. मुलगा वाचायचा थांबून तिच्याकडे पाहू लागला, तशी ती म्हणाली, “थांबू नकोस. पुढे त्याच्या आईने काय केले, ते वाच.”