सातनंतर आठ: मधली दोन वर्षं कुठं गेली?

प्रो कबड्डी लीगच्या विजेत्यांची यादी उघडा आणि फक्त हंगामांचे क्रमांक वाचा. सात, बंगाल वॉरियर्स. आठ, दबंग दिल्ली. कुठं खड्डा लागला का? नाही ना. आता शेजारी तारखा लिहून बघा. सातव्या हंगामाची अंतिम लढत १९ ऑक्टोबर २०१९ ला अहमदाबादेत झाली. आठव्याचा पहिला सामना २२ डिसेंबर २०२१ ला बंगळुरूत. मधे दोन वर्षं आणि दोन महिने गेले. हंगाम क्रमांकानं मोजला की ते दिसतच नाहीत.

माझं संशोधन या खड्ड्याभोवतीच फिरतं. "कबड्डीवर पीएचडी करतीस? कशाला?" असं परभणीला गेले की अजून विचारतात. सोपं करून सांगते. खेळाचं प्रसारण आणि त्याच्या नोंदी आपल्याला काय दाखवतात आणि काय गाळतात, हे मी तपासते. आज तो चष्मा लावून आठवा हंगाम बघू, आणि त्यातही आपल्या महाराष्ट्राची पुणेरी पलटण.

आधी हे लक्षात घ्या, की महामारीत बंद पडायला कबड्डीइतका सोपा खेळ नाही. 'कबड्डी कबड्डी' म्हणत, श्वास सोडत, सात जणांच्या घोळक्यात शिरायचं, आणि त्या सातांनी तुम्हाला कवेत घेऊन पाडायचं. अंतर राखणं या खेळाच्या नियमातच बसत नाही. म्हणून २०२० मध्ये आयपीएल अमिरातीत जाऊन खेळली गेली, पण प्रो कबड्डी झालीच नाही. २०२१ च्या अखेरीस ती आली तेव्हा सगळे संघ आणि सगळे सामने बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एकाच हॉटेल-संकुलात, प्रेक्षकांविना.

याआधी लीगचा मुक्काम शहराशहरांतून फिरायचा. २०१९ ला पुण्याची पाळी आली तेव्हा पलटण बालेवाडीत आपल्या लोकांसमोर खेळली होती. आठव्या हंगामात 'घरचा सामना' हा प्रकारच उरला नाही. अख्खा हंगाम 'पुणेरी' हा शब्द पुण्याबाहेर राहिला. सुरुवात रडतखडत झाली, मग अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या पोरांनी चढाया अंगावर घेतल्या, आणि संघ सहाव्या क्रमांकानं बाद फेरीत पोचला. तिथं यूपी योद्धानं ४२-३१ नं हरवलं. खेळ म्हणून हे सगळं बघण्यासारखंच होतं.

माझी तक्रार खेळाडूंबद्दल नाही, गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात दोन संघांना बारा खेळाडूही उभे करता येत नव्हते, म्हणून वेळापत्रक बदलावं लागलं. हंगामातला हा सगळ्यात खरा क्षण. बारा माणसं का उरली नाहीत, आजारातून उठून पुन्हा मॅटवर उतरताना दम पुरतो का, याची गोष्ट व्हायला हवी होती. कबड्डीत तर सगळा खेळ दमाचाच! पण तारखा बदलल्या, गाडी पुढं निघाली, आणि २५ फेब्रुवारीला दिल्लीनं पाटण्याला ३७-३६ असं हरवलं. आज नोंदींत तो हंगाम इतर कुठल्याही हंगामासारखाच दिसतो.

"मग दुसरं काय करणार होते?" असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. म्हणून एक लांबचं उदाहरण देते. रग्बी लीग हा खेळ कबड्डीचा चुलतभाऊ वाटावा असा आहे: धरपकड, पाडापाडी. ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये न्यूझीलंडचा एकच संघ आहे, वॉरियर्स. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा हा संघ मे महिन्यात घरदार सोडून ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला. काही खेळाडू कुटुंबासाठी मधूनच परत गेले. प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात बदलला. सोळा संघांत ते दहावे आले. पण त्यांच्याबद्दल लिहिताना 'हा संघ घराबाहेर आहे' हे कुणी विसरलं नाही. ३ जुलै २०२२ ला ते आपल्या मैदानावर परतले, तेव्हा घरी येणं हीच त्या दिवसाची बातमी होती. पलटणही त्याच वर्षी नवव्या हंगामात बालेवाडीला परतली. ती परतली होती हे तुम्हाला आठवतं का?

आता कुणी म्हणेल, एवढ्यासाठी संशोधन? खड्डा दाखवला काय, झाकला काय, फरक काय पडतो? फरक पडतो. २०२०-२१ ला रणजी करंडक झाला नाही. तो झाला नाही, हे क्रिकेट मंडळानं मान्य केलं. मान्य केल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला: खेळाडूंच्या बुडालेल्या मानधनाचं काय? आधीच्या हंगामात खेळलेल्यांना निम्मी सामना-फी भरपाई म्हणून देण्याचं ठरलं. निम्मी का, हे भांडण वेगळं. पण 'हे वर्ष झालं नाही' असं लिहिल्याशिवाय ते भांडणही सुरू झालं नसतं.

आता चला मानवत तालुक्यात. माझा मावसभाऊ २०२० मध्ये सोळा वर्षांचा होता. डावा कोपरा, घोटा असा धरायचा की सुटायचं नाव नाही. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. सतराखालचा गट हेच त्याचं वर्ष होतं. शाळा बंद, मैदान बंद, जत्रेतले इनामी सामने बंद. स्पर्धा पुन्हा सुरळीत व्हायला २०२२ उजाडलं, तेव्हा तो एकोणीसच्या गटात आणि बारावी संपलेली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला स्पर्धेतल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र लागतं. जी स्पर्धा झालीच नाही तिचं प्रमाणपत्र कोण देणार? "ताई, माझं वय वाढलं, खेळ तिथंच राहिला," असं तो एकदा म्हणाला. मी वर दोन पानं घालून जे सांगायला बघतेय, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

संशोधनाच्या भाषेत याला 'वयोगटाचं नुकसान' म्हणता येईल: एका ठरावीक सालात जन्मलेल्यांच्या वाट्याला आलेला, आधीच्यांना नि नंतरच्यांना न बसलेला फटका. लीगसाठी २०२० हा स्वल्पविराम होता. या पोरापोरींसाठी तो पूर्णविराम ठरू शकला.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर टीका एकांगी होईल. आठवा हंगाम झाला म्हणून खेळाडूंना काम मिळालं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम त्याच रिकाम्या सभागृहात पुढं आला, आणि १ मार्च २०२४ ला त्याच्याच नेतृत्वाखाली पुण्यानं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. ते बघताना मीही घरात ओरडले. पण अस्लमला तो हंगाम मिळाला म्हणून तो दिसला. ज्यांना मिळाला नाही ते कुठल्या यादीत शोधायचे?

म्हणून माझी मागणी लहान आहे. सात आणि आठ यांच्या मधे एक ओळ लिहा: '२०२०, हंगाम झाला नाही.' जिल्ह्याच्या क्रीडा नोंदींतही तीच ओळ लिहा. आणि तुमच्या गावात त्या वर्षी सोळाचं असलेलं कुणी असेल, तर त्याला किंवा तिला एकदा विचारा, तेव्हा कुठल्या जागेवर खेळायचीस, खेळायचास. मला कळवलंत तर माझ्या वहीत ती ओळ मी आधीच आखून ठेवली आहे.