पाय टेकण्याची सोय

डोंगरवाटांवर चालणाऱ्या मोटारसायकलींची माहितीपत्रके लिहिणारा इसम सहा फुटांखालचा नसावा, अशी माझी दाट शंका आहे. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, हे ठळक अक्षरांत. सीट किती उंच, ते मात्र मुदत ठेवीच्या अटींसारखे तळाशी, बारीक टायपात!

बरे, दोष तरी कुणाला द्यायचा? धोंड्यांवरून जायचे तर पोट वर हवे, स्प्रिंगांना वरखाली व्हायला जागा हवी. मग सीट वर जाणारच. गाडी खाली उतरवून घ्याल, तर इंजिन दगडावर आपटेल.

मग सव्वापाच फुटी नवशिक्याने काय करावे? बिचारा टेप घेऊन जुन्या गाड्यांच्या बाजारात शिरतो. २०२० सालची हिमालयन ८०० मिलिमीटर, २०१९ची एक्सपल्स ८२३. झाले, हिमालयन पसंत! हा हिशेब कागदावर जुळतो, चिखलात नाही. हिमालयन १९९ किलोंची, एक्सपल्स १५४. नवशिका पडणारच, आणि पडलेली गाडी उचलताना सीटची उंची कोण विचारतो?

तेव्हा दोन्ही टाचा टेकण्याचा हट्ट सोडावा. सीटवर जरा बाजूला सरकून एका पायाचा चवडा नीट टेकला, की पुष्कळ. (२०२३ची एक्सपल्स 'प्रो' ८९१ मिलिमीटरची. तिला शोरूममध्येच नमस्कार करावा.) २३ मिलिमीटर जाड तळव्याच्या बुटात निघून जातात हो; ४५ किलो कुठून वजा करणार?